टेंट कुठला ते नंतर बघू. आधी सांगा, बाहेर पडायला किती तास लागतील?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडची दोन जोडपी, स्वतःची गाडी. ऑगस्टअखेरीस स्पिती आणि लडाख, ते नीट पार पडलं तर डिसेंबरात जैसलमेर आणि कच्छ. होमस्टे शक्यतो टाळून स्वतःच्या टेंटमध्ये राहायचं. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, साल्हेर असे मुक्कामी ट्रेक दहा-बारा वर्षं केलेत. विचारलंय ते असं: टेंट आणि स्लीपिंग बॅग कुठली घ्यावी, पाणी किती न्यावं, थंडीचं आणि सापांचं काय. शिवाय सासरे (वय ६२, रक्तदाबाची गोळी चालू) यायचं म्हणतायत, त्यांना न्यावं का.

या दोन्ही मुलखांत मी गेली बावीस वर्षं जातोय, कधी एकटा, बहुतेक वेळा लोकांना घेऊन. पुण्याहून येणाऱ्या बहुतेक प्रश्नांची सुरुवात टेंटच्या कंपनीपासून होते. तुमचीही झालीय. पण दहा-बारा वर्षं सह्याद्री केलेल्या माणसाला टेंट लावायला शिकवावं लागत नाही. त्याची एक सवय मात्र मोडावी लागते. सह्याद्रीत काही बिघडलं तर खाली गाव असतं. राजगडावर पाय मुरगळला तर गुंजवण्याला उतरायचं, पाणी संपलं तर टाकं शोधायचं, स्वयंपाक फसला तर कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते. दोन-तीन तासांत माणसांत. इतक्या वर्षांत हे इतकं अंगवळणी पडतं की आपण त्यावर विसंबून आहोत हे लक्षातही येत नाही.

म्हणून मुक्कामाची प्रत्येक जागा ठरवताना मी आधी एकच आकडा लिहितो: इथे रात्री दोनला कुणी आजारी पडलं, तर त्याला खऱ्या अर्थाने बरं वाटेल अशा ठिकाणी न्यायला किती तास? किलोमीटर नकोत, तास हवेत. आमच्यात याला ‘बाहेरचे तास’ म्हणतात. माझी मर्यादा सहा तास. त्यापुढची जागा कितीही सुंदर असली तरी पहिल्या खेपेला नाही.

हा आकडा फसवतो कसा ते सरचूला कळतं. मनालीहून लेहला गाडीने जाणारे बरेच लोक पहिली रात्र सरचूला काढतात, कारण ते साधारण मधे येतं. मनाली २,०५० मीटर, सरचू ४,२९०. एका दिवसात झोपायची उंची दोन हजार मीटरांनी वाढवली की डोकं धरणारच. पण खरी गोम पुढे आहे. रात्री त्रास वाढला आणि खाली न्यायचं ठरवलं, तर मनालीच्या बाजूला ४,८९० मीटरचा बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) चढावा लागतो आणि लेहच्या बाजूला पाच हजारांच्या वरचा लाचुंग ला. म्हणजे खाली उतरण्यासाठी आधी वर चढायचं, तेही आजारी माणसाला घेऊन, अंधारात. सरचू म्हणजे थाळीच्या तळाला बसल्यासारखं आहे. नकाशात ते दिसत नाही. तिथे सपाट, सुरेख मैदान दिसतं आणि आपल्याला वाटतं, काय जागा आहे टेंटला!

तेव्हा तुमच्या बेतात पहिला बदल: मनालीकडून शिरू नका. शिमल्याहून किन्नौरमार्गे जा. शिमला २,२०० च्या आसपास, मग सांगला २,७०० किंवा कल्पा २,९०० च्या पुढे, नाको ३,६६०, तिथून पुन्हा खाली ताबो ३,२८०, मग काझा. ही वाट शरीराला हळूहळू चढवते, मधे ताबोला जरा उतरवते, आणि ताबोचा मठ (इ. स. ९९६ चा, आतली भित्तिचित्रं बघायला टॉर्च न्या, फोटो काढू देत नाहीत) ही विश्रांतीच्या दिवसाला उत्तम सबब आहे. काझा झाल्यावर कुंझुम ला ओलांडून चंद्रतालकडे. तोवर तुम्ही आठवडाभर तीन हजारांच्या वर राहिलेले असाल. वैद्यकीय नियम सोपा आहे: तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरांपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या. हिशोब झोपण्याच्या जागेचा.

दुसरा बदल: ऑगस्टअखेर सोडा, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. स्पिती पर्जन्यछायेत आहे हे खरं, पण तिथे पोचायची किन्नौरची वाट नाही. ऑगस्टात दरडींखाली दोन-दोन दिवस अडकणं तिथे नित्याचं आहे. शिवाय नाले. कुंझुम ला उतरल्यावर, मनालीच्या बाजूच्या ग्रामफू ते बातल या पट्ट्यात रस्त्यावरून वाहणारे नाले बर्फाच्या वितळणीवर चालतात. सकाळी सातला घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्याच्या वर येतं आणि खालून दगड गडगडत असतात. त्यातल्या एकाचं नावच पागल नाला आहे. सह्याद्रीत ओढा पाऊस थांबला की उतरतो. इथे ऊन पडलं की चढतो. डोक्यातलं हे उलटं गणित बसायला मला दोन मोसम लागले. सप्टेंबरात वितळण कमी होते, नाले शांत होतात, किंमत एवढीच की रात्री शून्याखाली जातात.

आता उंचीच्या आजाराबद्दल, कारण इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. साडेचार हजार मीटरांवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू पुण्याच्या साधारण साठ टक्के असतो. सिंहगड दर रविवारी चढण्याचा याच्याशी काही संबंध नाही. सिंहगड १,३०० मीटर, कळसूबाई १,६४६. आपल्या राज्यात उंचीची सवय होईल अशी जागाच नाही. उलट तंदुरुस्त माणूस जास्त अडचणीत येतो, कारण तो हळू चालत नाही आणि कबूल करत नाही.

एकदा माझ्या गटात असाच एक जण होता. पुण्यात दोन मॅरेथॉन पळालेला, तिशीचा, बाकी सगळे दमले की त्यांच्या सॅका उचलणारा. लडाखातल्या त्सो मोरिरी तलावाजवळ, कोरझोकला मुक्काम. उंची साडेचार हजारांच्या वर. संध्याकाळी जेवला नाही, म्हणाला डाळ आवडली नाही. डोकं दुखतंय का विचारलं तर म्हणाला, थोडं, ऊन लागलं असेल. रात्री बाराच्या सुमारास तो लघवीला उठला आणि बराच वेळ परत आला नाही म्हणून मी बाहेर आलो. टेंटच्या दारात बसून तो बुटाची नाडी बांधत होता. दोन टोकं हातात धरलेली आणि त्यांच्याकडे बघत बसलेला. हेडटॉर्चच्या उजेडात मी साधारण मिनिटभर पाहिलं. त्याला पहिली गाठ मारता येत नव्हती. चिडलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. नुसता बघत होता.

त्याला उभं केलं आणि जमिनीवर दोराने एक रेघ आखून तिच्यावरून चालायला सांगितलं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत. तिसऱ्या पावलाला तो बाजूला कलंडला. हे लक्षण मेंदूला सूज येत असल्याचं असतं आणि ते दिसल्यावर सकाळची वाट बघायची नसते. सव्वाबाराला गाडी सुरू केली. त्या वाटेवर उंची पटकन उतरत नाही. सिंधूच्या काठाला लागेपर्यंत सगळं पठारच. चुमाथांगच्या बाजूला पाचएकशे मीटर खाली उतरल्यावर तो पहिल्यांदा स्वतःहून बोलला: ‘‘माझे बूट कुठायत?’’ पहाटेनंतर लेहच्या दवाखान्यात पोचलो, तिसऱ्या दिवशी ठणठणीत. बूट कोरझोकलाच राहिले होते, ते दुसऱ्या गाडीने आणले.

तेव्हा चौघांत ठरवून घ्या: उंचीवर डोकं दुखलं की तो उंचीचाच त्रास, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. ऊन नाही, डाळ नाही, रात्रीचं जागरण नाही. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा भूक मेली असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. वाढलं तर खाली, निदान ५०० मीटर, जमलं तर हजार. रेघेवरून चालता आलं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल आणि खोकल्यात फेस येत असेल, तर त्याच क्षणी खाली. अ‍ॅसिटाझोलामाइड (लोक डायमॉक्स म्हणतात) घ्यायची असेल तर पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. गोळी सवय व्हायला मदत करते, चढायचा परवाना देत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. विमानाने सकाळी पुणे, दुपारी लेह आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग ला हा जो प्रकार चालतो, त्याबद्दल न बोललेलं बरं.

टेंटकडे येतो. दुहेरी कापडाचा, चार बाजूंनी दोर ताणता येणारा, ज्याचं बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येतं असा कुठलाही चांगला टेंट चालेल. तुमचा पवना धरणावरचा उन्हाळी जाळीदार टेंट चालणार नाही; लडाखात दुपारनंतर वारा सुटतो आणि बारीक धूळ त्या जाळीतून पिठासारखी आत गाळली जाते. सकाळी दात चावले तर करकर वाजतात. टेंट दुपारी तीनच्या आत लागला पाहिजे. दार वाऱ्याच्या उलट दिशेला. आणि कोरड्या नदीच्या पात्रात कधीही नाही, ते कितीही सपाट आणि वाळू कितीही मऊ असली तरी. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली. ज्या मुलखात वर्षभरात आपल्याकडच्या एखाद्या सरीएवढा पाऊस पडतो, तिथे चिखलाच्या लोंढ्यात दोनशेहून जास्त माणसं गेली. उघड्या डोंगरावर पाणी धरायला झाड नाही, गवत नाही. वर कुठेतरी पाऊस पडतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, आणि पाणी येतं.

स्लीपिंग बॅगवर छापलेला आकडा बहुतेक वेळा ‘जीव वाचेल’ इतपतचा असतो, ‘झोप लागेल’चा नसतो. आरामाचा आकडा वेगळा छापलेला असतो, तो बघा. उणे पाच तरी हवा. पण बॅगेपेक्षा मॅटवर जास्त पैसे घाला. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. अंगाखाली बॅगचं भरण दबतं आणि ते निकामी होतं. साधी फोमची जाड मॅट आणि तिच्यावर हवेची, असं दुहेरी करा. हवेची फुटली तर फोमची उरते. झोपताना गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. बॅटऱ्या, मोबाईल आणि पाण्याचा फिल्टर बॅगेत घेऊन झोपा. बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा आतल्या पाण्यासकट गोठला की त्या तडकतात, आणि वाईट म्हणजे पाणी त्यातून पूर्वीसारखंच येत राहतं. कळत नाही की तो गेलाय.

चूल. सुपारीच्या डब्यासारखी लांबट गॅसची डबी पुण्यात सगळीकडे मिळते, त्यात बहुधा नुसतं ब्युटेन असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. सप्टेंबरातल्या सकाळी तुम्ही चहासाठी काडी ओढाल आणि डबी हलवून बघाल. आत खळखळ ऐकू येईल, ज्योत मात्र येणार नाही. प्रोपेन मिसळलेल्या डब्या घ्या, त्या थंडीत चालतात. डबी विमानात आणि रेल्वेत नेता येत नाही, पण तुमची गाडी आहे, प्रश्न मिटला. केरोसीनचा पंपाचा स्टोव्ह वापरता येत असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही; तो वापरणारी पिढी आता संपत आलीय. आणि टेंट बंद करून आत चूल किंवा शेगडी कधीही नाही, ऊब यावी म्हणून तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच काम होतं. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसं मरतात.

कुकर न्या. तीन लिटरचा, छोटा, आणि त्याची एक जास्तीची रिंग. साडेचार हजार मीटरांवर पाणी ८५ अंशांना उकळतं, त्यामुळे तूरडाळ पातेल्यात दोन तास ठेवली तरी दाणा दाताखाली येतो. कुकरमध्ये तेच पाणी ११० च्या वर जातं. जंतू मात्र ८५ ला मरतात, फक्त उकळी फुटल्यावर तीन मिनिटं थांबा. खाण्याच्या बाबतीत आपलं मराठी स्वयंपाकघर तिथे फार उपयोगी आहे. भाजलेला रवा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. उंचीवर भूक मरते आणि गोड-तेलकट नकोसं होतं. तेव्हा मऊ मेतकूट-भात आणि कोकमाचं सार यांनी मी कितीतरी लोकांना दोन घास खायला लावलंय. लडाखी लोक जी त्साम्पा खातात ती भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे आपल्या सातूच्या पिठाची सख्खी बहीण. लोणी-चहात कालवून देतील, नाही म्हणू नका.

चंद्रतालच्या काठावर टेंट लावायला बंदी आहे, काही किलोमीटर अलीकडे नेमून दिलेल्या जागी राहावं लागतं. त्सो मोरिरीलाही काठ सोडून कोरझोकच्या बाजूला. दोन्ही तलाव रामसर यादीतले, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतले आहेत. वाद घालू नका, योग्यच आहे. तिथे जमिनीत पुरलेलं काही कुजत नाही. कागद, सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स सगळं पिशवीत घालून परत आणायचं. हो, परत. मी एक झाकणाचा डबा गाडीत ठेवतो आणि तो उघडायची पाळी चिठ्ठी टाकून ठरते.

हानलेला गेलात तर तिथे आता आकाशदर्शनासाठी रात्रीच्या अंधाराचं राखीव क्षेत्र आहे, पांढरे दिवे टाळायचे, हेडटॉर्चला लाल कागद लावा. लडाखच्या सरहद्दीकडच्या भागांसाठी परवाना ऑनलाइन निघतो, त्याच्या चार छापील प्रती ठेवा. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निघण्याआधी निदान दोघांनी पोस्टपेड करून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचं. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या भावाकडून मागवून घेऊन जाऊ, असं कुणी सुचवेल. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि सरहद्दीवर ते सापडणं म्हणजे फार लांब कहाणी. त्यापेक्षा पुण्यात एका माणसाकडे कागद ठेवा: कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, कधीपर्यंत फोन आला नाही तर फोनाफोनी सुरू करायची, आणि कुणाला. तो माणूस शांत डोक्याचा हवा. आई नको. लडाखातले भटके कुत्रे रात्री टोळीने फिरतात, हे मात्र कुणी सांगत नाही. जेवणाचं काही बाहेर ठेवू नका आणि लघवीला जाताना काठी घ्या.

आता डिसेंबरचं वाळवंट. हे तुलनेने सोपं आहे, म्हणून लोक इथे चुका करतात.

पाणी. माझा हिशोब माणशी दिवसाला सात लिटर: चार पिण्याचे, दोन स्वयंपाकाचे, एक हात-तोंडाचा. भांडी वाळूने घासायची आणि कागदाने पुसायची. चौघं, दोन दिवसांचा मुक्काम आणि एक दिवस अडकल्याचा धरला तर ८४ लिटर. म्हणजे ८४ किलो, पाचवा माणूसच. ते वीस लिटरच्या जारमध्ये नेऊ नका. खडबडीत रस्त्यावर झाकण उडतं आणि सामान भिजतं, शिवाय एक फुटला की चौथाई पाणी गेलं. दहा-दहाचे कॅन घ्या, त्यांच्यावर मार्करने रेघा मारा. तहान लागली तर प्या. पाणी राखून ठेवायचं म्हणून कोरडं राहणारी माणसं बाटलीत पाणी असताना आडवी होतात. वाचवायचा असतो तो घाम: दुपारी सावलीत बसायचं, खणाखणी संध्याकाळी.

गडावरची पाण्याची टाकी आपल्या इतकी सवयीची आहेत की थरच्या वाळवंटात टांका दिसला की मराठी ट्रेकर दोर सोडतो. जमिनीत बांधलेली ती गोल, झाकणाची टाकी एखाद्या कुटुंबाची असते आणि पावसाचं ते पाणी त्यांना वर्षभर पुरवायचं असतं. विचारल्याशिवाय हात लावू नका. विचारलंत तर स्वतः काढून देतील, वर चहा पाजतील.

टेंट कुठे लावायचा? टेकडीच्या माथ्यावर वारा, तळाला रात्री गार हवा साचते. वाळू दिवसभर तापते आणि सूर्य गेला की तितक्याच वेगाने निवते. जानेवारीत जैसलमेरला पहाटे पाच-सात अंश हे साधं आहे. म्हणून वाऱ्याआडच्या उतारावर, मध्यावर, जिथे थोडी सपाट जागा आहे तिथे. झाडाखाली मात्र नको. थरमधलं मुख्य झाड खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्या सावलीत उंट-बकऱ्या बसतात आणि त्या गेल्यावर मागे गोचिडं उरतात, जी तुमची वाटच बघत असतात.

वाळूत पेग धरत नाही. पेग ठोकण्याऐवजी कापडी पिशवी वाळूने भरा, तोंड बांधा, टेंटचा दोर पिशवीच्या पोटाला बांधून ती हातभर खोल आडवी पुरा आणि वर पायाने दाबा. चार पिशव्यांवर माझा टेंट रात्रभर वाऱ्यात उभा राहिलाय. पिशव्या तुळशीबागेतल्या, दहा-दहा रुपयांच्या.

एकच गाडी असेल तर डांबर सोडायचं नाही. हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद करायचा मोह दरवेळी होतो. वाळूत शिरायचंच तर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, हवा भरायचा पंप सोबत असेल तरच. कच्छचं रण वाळूपेक्षा फसवं आहे. वरून पांढरा, कडक, क्रिकेट खेळावं असा मिठाचा थर. खाली महिनोन् महिने न वाळलेला चिखल. एकदा माझं एक चाक आत गेलं ते काढायला दुपार गेली, आणि ज्याने काढलं तो ट्रॅक्टरवाला काही बोलला नाही, नुसतं थराकडे बोट दाखवून हसला. तिथे गाडी ज्या वाटेने इतर गाड्या गेल्यात तिथूनच, आणि राहायचं गावाजवळ, विचारून. घोरखर, म्हणजे रानगाढवं, बघायची तर ती छोट्या रणात. ते अभयारण्य आहे, आत टेंट लावता येत नाही.

साप आणि विंचू. डिसेंबरात दोन्ही मंदावलेले असतात, तरी थरमधलं फुरसं आपल्या कोकणातल्या फुरशाचंच नातेवाईक आहे: लहान, रात्री फिरणारं, खवले घासून करकर आवाज करणारं. अंधारात उघड्या पायाने चालू नका, लाकडं गोळा करायची तर उजेडात. चावलं तर तो पाय हलवू द्यायचा नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. सरळ दवाखाना, प्रतिविषासाठी. इथे पुन्हा बाहेरचे तास. विंचवासाठी अतिनील किरणांची छोटी टॉर्च घ्या. तिच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. झोपण्याआधी टेंटभोवती एक फेरी मारली की मन निवांत होतं, किंवा होत नाही. सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी किती माणसं दगावायची हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आयुष्यभर अभ्यासलं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने जीव वाचतो हे दाखवून दिलं. पण ते औषध डॉक्टरांनी द्यायचं. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या की निघायचं, बाम चोळत बसायचं नाही.

खरेदी करण्याआधी एक काम करा. सासवड-सुप्याच्या बाजूला कुणा ओळखीच्याचं शेत असेल, कोरडं, माळावरचं, तिथे एक शनिवार-रविवार राहा. विहिरीला हात लावायचा नाही, जवळ दुकान असलं तरी जायचं नाही. सगळं पाणी पुण्यातून न्यायचं आणि रविवारी संध्याकाळी कॅनवरच्या रेघा बघायच्या. एका गटाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की माणशी तीन लिटर पुरतात. रविवारी सकाळी दहाला त्यांचा एक जण रस्त्यावरच्या टपरीवर बिसलेरी घेताना सापडला. टेंट एकदा रात्री, टॉर्च न लावता, हातमोजे घालून लावून बघा. त्यातून काय घ्यायचं आणि काय नाही याची यादी आपोआप होते, आणि ती माझ्या यादीपेक्षा बरीच लहान असते.

सासऱ्यांचं. जैसलमेरला खुशाल न्या, गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या, त्यातल्या अर्ध्या दुसऱ्याच्या सॅकमध्ये. त्यांच्यासाठी टेंटमध्ये घडीची खाट ठेवा. बासष्टाव्या वर्षी पहाटे जमिनीवरून उठणं ही थंडीपेक्षा मोठी अडचण असते. स्पितीसाठी आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि ‘डोंगरात फिरायला जातोय’ असं मोघम सांगू नका. आकडा सांगा: चार हजार मीटरांवर झोपणार आहे, दवाखाना इतके तास दूर. डॉक्टर हो म्हणाले तर त्यांना ताबो-काझापर्यंत न्या, होमस्टेमध्ये ठेवा आणि चंद्रतालला तुमच्यापैकी दोघांनीच जा. ते ऐकायचे नाहीत, हे मला माहीत आहे. माझेही ऐकले नव्हते.